रीलला व्ह्यूज भरपूर, मग गिऱ्हाईक कुठंय?

रीलला चाळीस हजार व्ह्यूज आलेत आणि दुकानात माणूस नाही, हे ठाण्यात आता इतकं कॉमन झालंय की गोखले रोडवरच्या कुठल्याही चार दुकानदारांना विचारा, एक तरी हेच रडगाणं सांगेल. त्याचं म्हणणं असतं की हे सोशल मीडिया मार्केटिंग वगैरे सगळं फालतू आहे. आणि शेजारचा, ज्याचं बरं चाललंय, तो म्हणतो अरे आमच्या निम्म्या ऑर्डरी तिकडूनच येतात. दोघंही खरंच बोलत असतात. पहिल्याची रील बघणारे इंदूरला, सुरतला, नागपूरला बसलेत आणि याला नौपाड्यात ब्लाऊज शिवून द्यायचेत. इंदूरची बाई माप द्यायला राम मारुती रोडला येणार आहे का?

तर आधी कामाची वाटणी समजून घेऊ, कारण गोंधळ तिथेच होतो. जे तुम्हाला ओळखतात, एकदा तरी तुमच्याकडून काही घेऊन गेलेत, त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप. जे तुम्हाला ओळखत नाहीत पण ज्यांना आत्ता, या मिनिटाला तुमच्याकडची वस्तू हवीये, ते गूगलवर शोधतात. आणि जे ओळखतही नाहीत आणि ज्यांच्या डोक्यात घ्यायचा विचारही नाही, त्यांना इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर गाठायचं. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महाग हा तिसरा प्रकार, आणि आपले लोक सुरुवात नेमकी तिथूनच करतात, कारण ते दिसतं, भाचा म्हणतो काका रील टाका. माझं मत उलटं आहे. आधी व्हॉट्सॲप नीट लावा, मग गूगल, आणि मग नाचा रीलवर काय नाचायचंय ते.

व्हॉट्सॲप बिझनेस नावाचं वेगळं ॲप २०१८ पासून आहे, फुकट आहे. त्याला शक्यतो वेगळा नंबर द्या, नाहीतर मावशीचे गुड मॉर्निंग आणि गिऱ्हाईकाची ऑर्डर एकाच ढिगात पडतात. दुकानाचा लँडलाईनही चालतो, कोड फोन कॉलवर येतो. यात कॅटलॉग असतो, ५०० पर्यंत वस्तू फोटो आणि किमतीसकट टाकता येतात, आणि हे काम बहुतेक जण आळसाने करत नाहीत. मग काय होतं बघा. समजा कासारवडवलीत एक वहिनी घरून मोदक आणि फराळाच्या ऑर्डरी घेतात.

“ताई, उकडीचे मोदक आहेत का?”
“हो, आहेत ना. किती हवेत?”
“रेट काय?”
“साधे हवेत की केशर?”
“दोन्हीचे सांगा.”
“साधे ३५, केशर ४५ ला एक.”
“ओके. बघून सांगते.”

आणि ती बघून कधीच सांगत नाही. वहिनींचे हात पिठाचे, मधेच फोन पुसून पुसून उत्तरं दिली आणि हाती शून्य. कॅटलॉग असता तर पहिल्याच मेसेजला लिंक गेली असती, जिला ३५ परवडत नाही ती तिथेच थांबली असती आणि जिला परवडतं ती थेट “२१ पाठवा” म्हणाली असती. याच्या जोडीला क्विक रिप्लाय करून ठेवायचा, म्हणजे स्लॅश दाबून छोटा शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर येतं, डिलिव्हरी कुठपर्यंत, ॲडव्हान्स किती, आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत ऑर्डर. लेबलंही लावता येतात, “पेमेंट बाकी” हे एक लेबल जरी रोज संध्याकाळी बघितलं तरी खूप पैसे बुडायचे वाचतात.

आता ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पण प्रत्येकाला वेगळा पाठवायची सोय, ज्याच्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज. एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि मुख्य गोष्ट ही की ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय फक्त त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणजे कुठून तरी हजार नंबरांची यादी विकत आणून फायदा काहीच नाही, उलट लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात आणि नंबरच बंद पडू शकतो. त्यापेक्षा पार्सलबरोबर चिठ्ठी द्या, “गणपतीचं बुकिंग सुरू झालं की कळवू, नंबर सेव्ह करून ठेवा.” काउंटरवर सरळ तोंडाने सांगा. असे दीडशे नंबर सेव्ह झाले की ते विकतच्या हजारांना भारी पडतात. न विचारता ग्रुपमध्ये ॲड करणं मात्र नको, कोणाच्या तरी नवऱ्याचा नंबर भलत्याच माणसाला दिसतो आणि मग भांडण. २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवर चॅनेल आले, त्यात नंबर कोणाला दिसत नाहीत, पण लोक आपण होऊन फॉलो करतील एवढं तुमचं नाव आधी झालेलं पाहिजे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं तर ॲडमिनला विचारून, काही ठिकाणी जाहिरातीला रविवारच असतो, तो पाळा. आणि ते मोठ्या कंपन्यांसारखे हिरव्या बटणांचे ऑटोमॅटिक मेसेज येतात ना, ती वेगळी सिस्टिम आहे, तिथे मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि जुलै २०२५ पासून दर मेसेजमागे पैसे पडतात. एका दुकानाला त्याची गरज नाही.

गूगलचं प्रकरण लोकांना बोअर वाटतं पण पैसे तिथे आहेत. रात्री साडेनऊला घोडबंदरला कोणाच्या गाडीचं टायर पंक्चर झालं तर तो माणूस इन्स्टाग्राम उघडत नाही, तो “पंक्चर नियर मी” टाकतो. मग नकाशावर वरती जी मोजकी नावं येतात त्यात तुम्ही असलात तर धंदा, नाहीतर नाही. ती नावं कशी ठरतात हे गूगलने स्वतःच सांगितलंय, तीन गोष्टी बघतात, शोधलेल्या शब्दाशी तुमचं काम किती जुळतं, तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमचं नाव किती आहे, म्हणजे रिव्ह्यू किती, बाकी वेबवर उल्लेख किती. अंतर तुमच्या हातात नाही, बाकी दोन आहेत. गूगल बिझनेस प्रोफाईल, ज्याला २०२१ पर्यंत गूगल माय बिझनेस म्हणायचे, फुकट बनतं, हल्ली बऱ्याचदा दुकानाचा व्हिडिओ काढून व्हेरिफाय करायला सांगतात, बोर्ड, रस्ता, आतली जागा दाखवावी लागते. कॅटेगरी नेमकी निवडा. नुसतं “दुकान” असं काहीतरी मोघम टाकू नका. नावात “बेस्ट केक शॉप इन ठाणे वेस्ट” असं शेपूट लावायचा मोह होतो, पण बोर्डावर जे नाव आहे तेच टाकायचा नियम आहे, कोणी तक्रार केली तर प्रोफाईल सस्पेंड होतं.

नवी मुंबईवाल्यांसाठी खास, पत्त्यात नोड, म्हणजे वाशी, नेरूळ असं भागाचं नाव, लिहायला विसरू नका. सेक्टर १५ वाशीलाही आहे, नेरूळलाही आहे, बेलापूरलाही आहे आणि खारघरलाही आहे. “शॉप नं. ४, सेक्टर १५, नवी मुंबई” एवढ्यावर डिलिव्हरीवाला पोरगा फिरत बसतो आणि गिऱ्हाईक वैतागून कॅन्सल करतं. नकाशावरची पिन स्वतः दुकानाच्या दारात उभं राहून ओढून ठेवा. घरून धंदा करणाऱ्या बायकांनी घराचा पत्ता दाखवायची गरज नाही, “सर्व्हिस एरिया” म्हणून नोंदवता येतं, पत्ता लपतो आणि कुठल्या भागात देता ते तेवढं दिसतं. हे फार कमी जणींना माहितीये. रिव्ह्यू मागायला लाजू नका, पण “फाईव्ह स्टार द्या, दहा टक्के डिस्काउंट घ्या” हे गूगलच्या नियमात बसत नाही. आणि एक स्टार कोणी दिला तर तिथे भांडू नका, कारण तुमचं उत्तर तो माणूस वाचत नाही, पुढचं गिऱ्हाईक वाचतं.

आता इन्स्टाग्राम. फेसबुकने ते २०१२ मध्ये विकत घेतलं, २०१४ मध्ये व्हॉट्सॲप घेतलं, आणि २०२१ मध्ये कंपनीचं नाव मेटा केलं, म्हणजे तुम्ही तिन्हीकडे काहीही केलं तरी मालक एकच. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात आपल्याकडे रील्स सुरू झाल्या, तेव्हापासून सगळा खेळ अनोळखी माणसांपर्यंत पोचायचा झाला. म्हणजे तुमचे फॉलोअर किती यापेक्षा बघणारा किती वेळ थांबला आणि त्याने ती रील पुढे कोणाला पाठवली का, हे मोजलं जातं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं की बघण्याचा वेळ, लाईक आणि दुसऱ्याला पाठवणं या तीन गोष्टी सगळ्यात जास्त धरतात, त्यात नवीन माणसांपर्यंत जायचं तर पाठवणं जास्त महत्त्वाचं. विकतचे फॉलोअर घेतात त्यांना हे कळत नाही, ते मेलेले अकाउंट ना बघणार ना पाठवणार, नुसता आकडा मिरवायचा.

मग लोक पाठवतात काय? गुलाबी बॅकग्राऊंडवर “हॅपी संडे” लिहिलेलं पोस्टर कोणीही कोणाला पाठवत नाही. पण मोदकाची कळी कशी पाडायची, आणि ती फुटू नये म्हणून उकड किती गरम असताना मळायची, हे तीस सेकंदात दाखवलं तर आई लेकीला पाठवते. ब्लाऊजच्या मुंढ्याला सुरकुती का पडते आणि ती कशी काढली, आधीचं आणि नंतरचं, हे शिवणारी आणि घालणारी दोघी बघतात. हातातलं काम दाखवा, चेहरा दाखवायचा नसेल तर नका दाखवू. पहिल्या दोन सेकंदात काहीतरी घडलं पाहिजे, दुकानाच्या लोगोचा ॲनिमेशन चार सेकंद फिरवत बसलात की लोक गेले. आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात, लोकलमध्ये तर बहुतेक सगळेच, म्हणजे असायला पाहिजेत, पण ते जाऊ दे. म्हणून स्क्रीनवर ठसठशीत अक्षरात लिहा, आणि भागाचं नाव लिहा, “कळवा” किंवा “सीवूड्स” असं, जेणेकरून इंदूरवाली आपोआप पुढे जाईल आणि कळव्याची थांबेल. व्ह्यूज कमी झाले तरी चालतील.

आणि किंमत लिहा हो. “प्राईस इन डीएम”, म्हणजे किंमत खासगी मेसेजमध्ये विचारा, हा प्रकार कोणी सुरू केला माहीत नाही. शेजारच्या दुकानदाराला रेट कळू नये म्हणून करतात म्हणे, पण त्याला काय, तो फेक अकाउंटवरून विचारतोच.

गाण्यांचं एक. बिझनेस अकाउंटला सिनेमातली बरीचशी गाणी मिळत नाहीत कारण धंद्यासाठी वापरायचा परवाना वेगळा असतो, म्हणून मेटाच्या स्वतःच्या साऊंड कलेक्शनमधलं संगीत घ्या. बाहेरून गाणं चिकटवून टाकलं तर रील म्यूट होऊ शकते. सगळ्यात बरा आवाज म्हणजे तुमचाच, ठाणेकर बोलतो तसं बोला.

फेसबुक म्हातारं झालं असं तरुण पोरं म्हणतात. होऊ दे. पस्तिशीच्या पुढची माणसं तिथे अजून आहेत, शहराचे आणि एरियाचे मोठे ग्रुप तिथेच आहेत, आणि टिफिन, पाळणाघर, योगा क्लास असल्या गोष्टींची विचारपूस तिथे बऱ्यापैकी होते.

इथपर्यंत सगळं फुकट होतं. आता जाहिराती, म्हणजे पैसे. पोस्टखाली जे “बूस्ट” बटण येतं ते सगळे दाबतात कारण ते समोर असतं, पण तिथे उद्देश कुठला निवडलाय हे बघत नाहीत. लाईक किंवा प्रोफाईल व्हिजिट निवडलं तर मेटा इमानेइतबारे लाईक करणारी माणसं शोधून आणतो, खरेदी करणारी नाही. मागितलं ते मिळालं, तक्रार कसली? आपल्यासारख्यांना बहुतेक वेळा “मेसेज” हा उद्देश घ्यायचा, जाहिरातीवर टॅप केलं की थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडतं. मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे जाहिराती लावायच्या वेगळ्या पानावर, हे जास्त नीट करता येतं, स्क्रीन घाबरवणारी आहे पण एका दुपारी समजते.

जाहिरात कोणाला दाखवायची हे लिलावात ठरतं. भाऊच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव होतो तसाच, फक्त इथे जास्त बोली लावणारा जिंकेलच असं नाही. तीन गोष्टी एकत्र धरतात, तुमची बोली, तो माणूस खरंच टॅप करेल याचा अंदाज, आणि जाहिरातीचा दर्जा. म्हणजे चांगल्या रीलची जाहिरात कमी पैशात जास्त लांब जाते आणि रद्दी पोस्टर महागात पडतं. दिवाळीच्या आधी सगळेच बोली लावतात तेव्हा रेट चढतात, म्हणून फराळवाल्यांनी नवरात्रातच सुरुवात केलेली बरी. आणि जाहिरात लावली की रोज बोटं घालू नका. सिस्टिमला शिकायला वेळ लागतो, मेटाचा हिशोब आठवड्याला साधारण ५० परिणामांचा आहे, म्हणजे मेसेज मागितले असतील तर ५० मेसेज, छोट्या बजेटला तेवढे होतही नाहीत, त्यात तुम्ही दर दुसऱ्या दिवशी मोठे बदल केलेत तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

पण ठाणे आणि नवी मुंबईत खरे पैसे बुडतात ते नकाशावर. जाहिरात कुठे दाखवायची ते निवडताना एक पिन टाकतात आणि तिच्याभोवती निळसर वर्तुळ येतं, किती किलोमीटर ते आपण ठरवायचं. समजा मानपाड्याला तुमचं दुकान आहे आणि तुम्ही विचार केला की १५ किलोमीटर ठेवू, काय एवढं. आता त्या वर्तुळाकडे नीट बघा. त्यात अख्खं येऊरचं जंगल आहे, जंगलापलीकडे बोरिवली आणि कांदिवली आहे, आणि दुसऱ्या अंगाला खाडी ओलांडून भिवंडी. वर्तुळ अंतर हवेतून मोजतं आणि गिऱ्हाईक गायमुखच्या घाटातून येतं. बोरिवलीच्या बाईला रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर पडतं, ठाणे-बोरिवली बोगदा होईल तेव्हा होईल. तिने जाहिरात बघितली, आवडली, टॅप केलं, मेसेज केला, तुमचे पैसे कापले गेले, आणि मग ती विचारते “बोरिवलीला द्याल का?”

ऐरोलीचं तेच. सहा किलोमीटर म्हटलं की वर्तुळाचा बराच भाग खाडीत पडतो आणि खाडीपलीकडचं मुलुंडही आत येतं. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना ऐरोली नाक्यावरचा टोल माफ झालाय, ट्रॅफिक माफ झालेलं नाही. वाशीला आठ किलोमीटर ठेवलं तर मानखुर्द आत आणि नेरूळ-घणसोलीही आत, पण रोजच्या टिफिनसाठी वाशीचा पूल कोण ओलांडणार?

उपाय साधा आहे. एक मोठं वर्तुळ काढण्यापेक्षा दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरची तीन-चार वर्तुळं टाका, जिथून खरंच लोक येतात तिथे. जो भाग नको तो “एक्सक्लूड” करता येतो, तिथेही पिन टाकून वजा करा. कुठून येतात हे कसं कळणार? जुन्या ऑर्डरींचे पत्ते काढून बघा, दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, त्या भागात राहणाऱ्यांबरोबर तिथून नुकतेच गेलेलेही मोजले जातात, म्हणून ठाणे स्टेशनच्या डोक्यावर पिन टाकलीत तर बदलापूरपासून पनवेलपर्यंतचे गाडी बदलणारे सगळे तुमचं बजेट खातात. वडापाव विकत असाल तर उत्तम. पार्लर असेल तर पिन जरा आत सरकवा.

हिशोब करून बघू, आकडे समजायला म्हणून घेतलेत. रोजचे ३०० रुपये, सात दिवस, झाले २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८, एकूण २,४७८. जीएसटी नंबर असेल आणि तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यांसाठीची सोपी करयोजना) नसाल तर ते ३७८ परत वळते करून घेता येतात, त्यासाठी नंबर ॲड अकाउंटमध्ये टाकलेला लागतो, सीएला विचारा. समजा ही जाहिरात त्या मोदकवाल्या वहिनींची, ३५ मेसेज आले आणि त्यातल्या सात जणांनी ऑर्डर दिली. म्हणजे एक गिऱ्हाईक आणायला साडेतीनशेच्या वर गेले. आणि मोदकाच्या एका ऑर्डरीत वहिनींना सुटतात समजा दीडशे. तोटा! इथे लोक जाहिरात बंद करतात आणि शिव्या घालतात. पण त्या सातातल्या चौघींनी नंबर सेव्ह केला, संकष्टीला पुन्हा मागवले, दिवाळीला फराळाचा डबा घेतला, तर तेच साडेतीनशे स्वस्त पडतात, कारण दुसऱ्या ऑर्डरीला मेटाला एक पैसा द्यायचा नसतो. व्हॉट्सॲप आधी लावा म्हणून मी डोकं खातोय ते यासाठी. खालून भांडं फुटकं असेल तर वरून जाहिरातीचं पाणी कितीही ओता.

इन्फ्लुएन्सरचं थोडक्यात. “ठाण्यात काय खाल” टाइपचे पेजवाले एका रीलचे पैसे घेतात, किंवा फुकट जेवतात. द्यायचे की नाही हे फॉलोअर बघून ठरवू नका, त्यांना इनसाइट्समधला, म्हणजे अकाउंटच्या आकडेवारीतला, बघणारे कुठल्या शहरातले ते दाखवणारा स्क्रीनशॉट मागा, त्यात ठाणे-नवी मुंबई वरती नसेल तर नमस्कार करा आणि सोडून द्या. आणि पैसे दिले असोत की फुकट जेवण, रीलवर “जाहिरात” असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, जाहिरात क्षेत्रातली स्वनियमन संस्था एएससीआयने २०२१ मध्येच हे सांगितलंय. दिशाभूल करणारी जाहिरात असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि तो जाहिरात करणाऱ्या दुकानदारालाही लागू आहे, फक्त त्या रीलवाल्याला नाही. म्हणून “आठ दिवसांत केस गळायचे थांबतील” असलं काही लिहू नका. खायचं विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घरगुती धंद्यालाही लागते, तो नंबर बायोत टाकलात तर लोकांचा विश्वासही बसतो.

शेवटचा मुद्दा कंटाळवाणा आहे पण सगळ्यात जास्त रडारड याच्यावरून होते. पेज कोणाच्या नावावर आहे? बऱ्याच दुकानांचं पेज कोणा तरी डिझायनर पोराने किंवा एजन्सीने स्वतःच्या अकाउंटवरून बनवलेलं असतं, मालकाला नुसता पासवर्ड, कधी तोही नाही. वर्षभराने पैशांवरून वाजलं की तो पेज घेऊन गायब, फॉलोअर गेले, मेसेज गेले, ॲड अकाउंटचा इतिहास गेला. म्हणून मेटा बिझनेस सूटमध्ये पूर्ण कंट्रोल तुमच्याकडे ठेवा आणि एजन्सीला त्यांच्या कामापुरता ॲक्सेस द्या, पासवर्ड द्यायची गरजच पडत नाही. गूगल प्रोफाईलचंही असंच, मालक तुम्ही, ते मॅनेजर. कार्ड किंवा यूपीआय तुमचं असेल तर बिल तुमच्या नावाने येऊ दे. “तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आली आहे, २४ तासांत बंद होईल, खालच्या लिंकवर लॉगिन करा” असा मेसेज निळ्या लोगोसकट आला की तो चोरच आहे असं समजून चाला, खरी सूचना ॲपच्या आत सपोर्टमध्ये दिसते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक तिन्हीकडे आजच चालू करा, आणि इन्स्टाग्राम जे बॅकअप कोड देतं ते फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, कागदावर लिहून गल्ल्यात टाका, कारण ते लागतात तेव्हा नेमका फोनच हरवलेला असतो.